चॅनल बदलूनही ड्रॉवर अडकतोच? मग आधी फट मोजा

हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसलं की एक तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. “मागच्या दिवाळीत चॅनल बदलले, पुन्हा तेच झालं. या वेळी जरा चांगल्या कंपनीचे द्या.” हातात पिशवी, पिशवीत जुन्या चॅनलची जोडी आणि त्यातले अर्धे छर्रे गायब. सोबत मिस्त्री असला तर त्याने निकाल देऊन टाकलेलाच असतो: “चैनल ही हलका था, साहब.” मग गिऱ्हाईक दुप्पट पैसे मोजून सॉफ्ट क्लोज, म्हणजे शेवटी आपोआप हळूच बंद होणारा चॅनल, घेऊन जातं, तो त्याच ड्रॉवरला बसतो आणि काही महिन्यांत तोही अडकायला लागतो.

चॅनल खराब निघतच नाहीत असं मी म्हणणार नाही. भरपूर निघतात, आणि ते कसे ओळखायचे ते पुढे सांगतोच. पण एकाच ड्रॉवरचा चॅनल पुन्हा पुन्हा जात असेल आणि त्याच किचनमधला, त्याच खोक्यातून आलेला शेजारचा चॅनल ठणठणीत चालत असेल, तर दोष लाकडाच्या मापात, स्क्रूत किंवा पाण्यात शोधावा. तो सापडेपर्यंत कितीही भारी चॅनल आणला तरी पैसे पाण्यात.

इथे बोलतोय ते टेलिस्कोपिक चॅनलबद्दल. ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना लागतो, छर्ऱ्यांवर चालतो आणि एकात एक सरकणाऱ्या तीन पट्ट्यांचा असतो. बाजारात सर्रास मिळतो तो ४५ मिमी उंच आणि १२.७ मिमी जाड, म्हणजे बरोबर अर्धा इंच. हा अर्धा इंच लक्षात ठेवा, सगळं रामायण त्यावरूनच घडतं.

ड्रॉवर काढा आणि हाताने चालवून बघा

ड्रॉवर रिकामा करून पूर्ण बाहेर ओढा. दोन्ही बाजूंच्या पट्टीवर प्लास्टिकचा एक काळा खटका दिसेल. एका बाजूचा वर उचलायचा, दुसऱ्या बाजूचा खाली दाबायचा, दोन्ही एकाच वेळी, आणि ड्रॉवर सरळ पुढे ओढायचा. दोन्ही खटके एकाच दिशेला दाबत बसलात तर तो निघणार नाही. मग लोक हिसके देतात आणि पट्टी वाकवून ठेवतात.

ड्रॉवर निघाला की कॅबिनेटमध्ये उरलेली मधली पट्टी हाताने मागेपुढे करा. नुसत्या बोटाने लोण्यासारखी सरकली तर चॅनल चांगला आहे आणि तो टाकून देण्याचं काही कारण नाही. ‘करकर’ आवाज येत असेल, मध्येच दाणा लागल्यासारखं अडखळत असेल, तर आत घाण आहे किंवा छर्ऱ्यांची पट्टी (छर्रे ओळीत धरून ठेवणारी) वाकली आहे.

आता रिकामा ड्रॉवर परत चढवून ओढून बघा. हाताने मोकळी चालणारी पट्टी ड्रॉवर लावल्यावर जड झाली, तर एक सोपी युक्ती करा. ड्रॉवरच्या एका बाजूच्या पट्टीचे स्क्रू फक्त एकेक वळसा सैल करा आणि पुन्हा ओढा. एकदम हलका चालायला लागला? मग फट, म्हणजे ड्रॉवर आणि कॅबिनेटमधली मोकळी जागा, कमी आहे; चॅनल दोन्हीकडून चेपला जातोय. एवढ्या एका तपासणीत निम्म्याहून जास्त तक्रारींचा उलगडा होतो. हे करून न बघता चॅनल विकत घेऊ नये, असं दुकानदार असून सांगतो.

रिकामा छान चालतो आणि सामान भरलं की अडतो, असं असेल तर मात्र वजन, स्क्रूची पकड आणि चॅनलची जाडी या तीन गोष्टींकडे वळायचं.

सुतार सुतात मोजतो, चॅनल मिलिमीटरमध्ये

आपल्याकडे ड्रॉवरचं माप घेताना मिस्त्री म्हणतो, “एक इंच सोडला.” हिशेब बरोबर आहे. अर्धा इंच डावीकडे, अर्धा उजवीकडे, एकूण २५.४ मिमी. पण तो एक इंच कुठून कुठपर्यंत सोडला, हा खरा प्रश्न.

प्लाय १८ मिमीचा म्हणून येतो. प्रत्यक्षात मोजला तर कधी १७ भरतो, कधी साडेसतरा. त्यावर आतल्या भागांना ०.८ मिमीचा लायनर सनमायका, बाहेरून दिसणाऱ्या भागांना १ मिमीचा. आता कामाचा क्रम बघा. कॅबिनेटचा डबा उभा राहिला, आतलं माप घेतलं, एक इंच वजा करून ड्रॉवरची खोकी कापली. नंतर कॅबिनेटच्या आत लायनर चिकटला, दोन्ही साइडना. ड्रॉवरच्या बाहेरूनही चिकटला, दोन्ही बाजूंना. चार थर गुणिले ०.८ म्हणजे ३.२ मिमी. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. थोडक्यात, फेव्हिकॉल हिशेबात न धरताही तुमच्या एका इंचातून अख्खं एक सूत सनमायक्याने खाल्लं. सुताराच्या नजरेत एक सूत किरकोळ असतं. अर्ध्या इंचाच्या चॅनलला प्रत्येक बाजूने दीड मिमी चेपलं तर त्याचे छर्रे पट्टीला चरे पाडत चालतात.

याची खूण स्पष्ट दिसते. ड्रॉवरच्या बाजूला, पट्टीच्या वर-खाली, करडी-काळी बारीक भुकटी साचलेली असते. बोटाला लागते. तो गंज नसतो, घासलेलं लोखंड असतं. ती दिसली की चॅनलला दोष देणं थांबवा.

माप घ्यायची पद्धत साधी आहे. सनमायका लावून झाल्यावर कॅबिनेटची आतली मोकळी रुंदी मोजायची, आणि ती चार ठिकाणी: पुढे वर, पुढे खाली, मागे वर, मागे खाली. चारही आकडे १ मिमीच्या आत असले तर नशीब चांगलं. ड्रॉवरची बाहेरची तयार रुंदी त्यातल्या सर्वात लहान आकड्यातून २६ मिमी वजा करून ठेवायची. समजा ५६२ मिमी मोकळी रुंदी आहे, तर ड्रॉवर सनमायक्यासकट ५३६ चा. थोडी सैल फट नंतर भरता येते, कमी पडलेली फट वाढवायला लाकूड तासावं लागतं.

पुढे ५६२ आणि मागे ५५९ असा फरक निघाला, तर ड्रॉवर अर्धा आत जाईपर्यंत मोकळा आणि मग घट्ट होतो. असा ड्रॉवर लोक गुडघ्याने ढकलून बंद करतात. अशा वेळी बहुधा कॅबिनेटच्या मागची फळी कमी रुंदीची कापलेली असते, किंवा डबा भिंतीत ठोकताना दाबला गेलेला असतो. उलटंही होतं, साइडची प्लाय मध्येच पोट काढते. तिथे पुढे-मागे माप बरोबर येतं आणि मधल्या भागात ड्रॉवर अडतो. म्हणून मधोमधही एकदा टेप लावावी.

फट जास्त असेल तर उपाय स्वस्त आहे. कॅबिनेटच्या साइडला लागणाऱ्या पट्टीच्या मागे सनमायक्याची कापलेली चिंधोटी लावा, ०.८ किंवा १ मिमीची, जेवढी कमी पडते तेवढी. पुष्कळ जण जुन्या लग्नपत्रिका किंवा व्हिजिटिंग कार्ड घालतात. बेडरूममध्ये चालून जातं, किचनमध्ये कागद पाणी पितो आणि पावसाळ्यात फुगतो, तिथे सनमायकाच बरा. दोन्ही बाजूंना सारखी भर द्या, नाहीतर पुढची फळी शेजारच्या दाराला घासेल.

फट कमी असेल तर ड्रॉवरच्या बाजूवर चॅनल बसतो तेवढाच पट्टा, साधारण ४६-४७ मिमी रुंदीचा, ट्रिमर मशीनने १ मिमी खोल घ्यायला सांगा. ट्रिमर नसेल तर तेवढ्या पट्ट्यातला सनमायका पटाशीने काढला तरी ०.८ मिमी मिळतात, दोन्हीकडून मिळून दीड मिमीच्या वर. बाहेरून दिसत नाही कारण चॅनल त्याच जागी बसतो. यापेक्षा जास्त कमी पडत असेल तर ड्रॉवरचं खोकं नव्याने बांधणं हाच मार्ग, आणि एखादं खोकं बांधायचा खर्च दरवर्षी चॅनल बदलण्यापेक्षा कमीच येतो.

एक गोष्ट पावसाळ्याची. आषाढात घट्ट आणि दिवाळीनंतर मोकळा होणारा ड्रॉवर म्हणजे फुगणारं लाकूड. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यात आघाडीवर. प्लायमध्ये आयएस ३०३ चा साधा कमर्शिअल आणि आयएस ७१० चा मरीन असे दोन प्रकार तुम्हाला शिक्क्यावर दिसतील. सिंकच्या आसपास ७१० नसेल तर चॅनलने कितीही चांगलं वागायचं ठरवलं तरी त्याचा इलाज नाही.

स्क्रूचं डोकं

फटीनंतरचा दुसरा गुन्हेगार. चॅनलला साधारण ३.५ मिमी जाडीचा, १६ मिमी लांबीचा, चपट्या डोक्याचा स्क्रू लागतो, ज्याचं डोकं पट्टीच्या खोलगट भोकात बुडून बसलं पाहिजे. साइटवर मात्र जो डबा उघडा असेल त्यातला स्क्रू लागतो, बऱ्याचदा जिप्सम बोर्डाचा काळा. त्याचं डोकं पुरतं बसत नाही, केसभर वर राहतं. मधली पट्टी त्यावरून जाताना प्रत्येक वेळी घासते. ड्रॉवर नेमका एकाच ठिकाणी ‘टक’ करून अडत असेल तर टॉर्च लावून पाहा. मधल्या पट्टीच्या पाठीवर सरळ चकचकीत ओरखडा असेल आणि त्या ओळीतल्या एका स्क्रूचं डोकं घासून पांढरं झालेलं असेल. स्क्रू बदला, काम झालं. नवा चॅनल घेतलात आणि मिस्त्रीने तेच स्क्रू वापरले तर ‘टक’ नव्या चॅनललाही वारशाने मिळते.

दुसरी खोड हातोडीची. स्क्रू अर्धा ठोकायचा आणि शेवटचे दोन वळसे पिळायचे. वेळ वाचतो, पण लाकडाचे धागे फाटतात आणि पकड राहत नाही. धान्याची ट्रॉली भरली की तो स्क्रू हळूहळू बाहेर येतो, पट्टी तिरकी होते, छर्रे एका कडेला येतात. त्यातही दोन्ही टोकांना एकेक असे दोनच स्क्रू मारलेले असतात. १८ इंची चॅनलला कॅबिनेटच्या बाजूने निदान तीन, जड ट्रॉलीला चार हवेत. पुढचा स्क्रू सगळ्यात महत्त्वाचा, कारण ड्रॉवर उघडल्यावर सगळा भार तिथे येतो. पट्टीवर लांबट भोकं असतात ती जुळवाजुळवीसाठी. आधी तिथे स्क्रू लावायचे, ड्रॉवर चालवून वर-खाली, पुढे-मागे बघायचं आणि मग गोल भोकात स्क्रू मारून जागा पक्की करायची. गोल भोकं रिकामी सोडली की काही दिवसांनी चॅनल आपसूक खाली बसतो.

चॅनल बदलताना हमखास होणारा घोटाळा असा की नव्या कंपनीची भोकं जुन्या भोकांच्या अगदी शेजारी येतात. स्क्रू फिरतो, लागल्यासारखा वाटतो आणि जुन्या भोकात घसरतो. आधी जुनी भोकं फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या काड्यांनी ठासून भरा, वाळू द्या, वरून साफ करा. किंवा सगळा चॅनल १० मिमी वर घ्या, अर्थातच दोन्ही बाजूंना आणि ड्रॉवरलाही तेवढाच. पार्टिकल बोर्डात भोक एकदा मोठं झालं की काड्याही फार दिवस धरत नाहीत. त्यात ६.३ मिमीचा जाडा, बुटका युरो स्क्रू चांगला बसतो, चॅनलवर त्यासाठी मोठी भोकं असतात.

डाव्या आणि उजव्या चॅनलची उंची टेपने मोजून सारखी येत नाही, एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. प्लायचा एक गुटका कापा, तो कॅबिनेटच्या तळावर उभा ठेवा आणि दोन्ही बाजूंना त्याच गुटक्यावर चॅनल टेकवून स्क्रू मारा. पुढच्या कडेपासूनचं अंतरही दोन्हीकडे एकच हवं. साच्यावर बनवलेल्या मॉड्युलर कॅबिनेटमध्ये पहिलं भोक पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर असतं. पुढची फळी कॅबिनेटच्या आत बसणारी असेल, तर त्या फळीची जाडी सोडून तेवढा मागे.

काही लक्षणं, झटपट

ड्रॉवर आपोआप उघडतो: कॅबिनेट पुढे कललं आहे. आपल्या किचनच्या फरशीला मोरीकडे उतार असतो, ट्रॉल्यांचे प्लास्टिकचे पाय सारखे फिरवून ठेवले की कॅबिनेटही तो उतार घेतं. पाणसळ (लेव्हल) ठेवून पुढचे पाय उंच करा.

ड्रॉवर पूर्ण उघडत नाही किंवा शेवटच्या इंचाला जोर लागतो: छर्ऱ्यांची पट्टी आपल्या जागेवरून सरकली आहे. पूर्ण बाहेर, पूर्ण आत असं दोन-चार वेळा जोराने पण सरळ ओढा, ती जागेवर येते. ड्रॉवर काढून परत चढवताना ही पट्टी मधल्या पट्टीच्या अगदी पुढच्या टोकाला ओढून घ्यायची आणि मगच ड्रॉवर दोन्हीकडून एकदम सरकवायचा. ती मागे राहिलेली असताना ड्रॉवर घुसवला की पुढचं टोक वाकतं आणि छर्रे खळखळ जमिनीवर येतात. सांडलेले छर्रे परत भरत बसू नका. तो चॅनल गेला.

सॉफ्ट क्लोज शेवटच्या दोन इंचांत बंदच होत नाही: मागच्या यंत्रणेतला प्लास्टिकचा आकडा अवेळी सुटून मागे गेला आहे. स्क्रू ड्रायव्हरने तो पुढे ओढून त्याच्या खाचेत अडकवा. पुन्हा पुन्हा सुटत असेल तर फट तपासा, कारण सॉफ्ट क्लोजला साध्या चॅनलपेक्षा मापाची चूक कमी चालते.

रुंद ड्रॉवर एका कोपऱ्यात अडतो: तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल ड्रॉवरला दोन टोकांना दोन हँडल लावले की माणूस एकाच हँडलला धरून ओढतो, आणि ड्रॉवर तिरका होतो. मधोमध एकच लांब हँडल लावा. कॅबिनेटची खोली परवानगी देत असेल तर चॅनलची लांबी वाढवा.

नवंकोरं किचन, पण पहिल्या दिवसापासून करकर: चॅनल बसवल्यानंतर भिंतीला पुट्टी घासली आहे किंवा ग्रॅनाइट कापला आहे. ती पांढरी धूळ छर्ऱ्यांत बसते. ड्रॉवर काढून मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ करा, कोरड्या फडक्याने पुसा. रंगकाम संपेपर्यंत चॅनल खोक्यातच ठेवायला सांगणं हे मालकाचं काम, मिस्त्रीला घाई असते.

पाणी, ॲसिड आणि खोबरेल तेल

भांडी घासून ओलीच ताटाच्या ट्रॉलीत लावायची सवय घरोघरी आहे. पाणी बास्केटच्या तारेवरून बाजूच्या चॅनलवर ओघळतं. साध्या चॅनलवर जस्ताचा मुलामा असतो. तो आधी पांढरा पडतो, मग लाल. रत्नागिरी, मालवण, गोवा, मुंबईची किनारपट्टी इथल्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. तिथे सिंकजवळच्या एक-दोन ट्रॉल्यांना ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे चॅनल घ्या. सगळ्या किचनला घ्यायची गरज नाही. ‘एसएस’ म्हणून २०२ ग्रेडही विकला जातो, तो गंजाला तेवढा टिकत नाही, आणि चुंबक लावून २०२ की ३०४ हे कळत नाही. बिलावर ‘एसएस ३०४’ लिहून घ्या. दुकानदार लिहायला कचरला तर उत्तर मिळालं.

एक कारण मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. सिंकखालच्या कपाटात टॉयलेट क्लीनर, फरशीचं ॲसिड, ब्लीचिंग पावडर ठेवलेली असते. टोपण जरा सैल असलं तरी वाफा बंद कपाटात कोंडतात. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वाफा जस्ताचा मुलामा फस्त करतात आणि स्टेनलेसलाही डाग पाडतात. सिंकशेजारचेच चॅनल दरवर्षी गंजत असतील, गळती कुठेही नसेल, तर आधी ती बाटली बाथरूममध्ये न्या.

आणि तेल. करकर ऐकू आली की घरात जे हाताशी असेल ते ओतलं जातं, बहुतेक वेळा खोबरेल. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी ड्रॉवर आणखी जड. किचनमध्ये त्यात कणीक-पिठाची धूळ मिसळते आणि छर्ऱ्यांत चिकट लुकण तयार होतं. शिवणयंत्राचं तेलही धूळ धरतंच. आधी पुसून कोरडं करा, मग सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा किंवा बोटाच्या टोकाएवढं पांढरं ग्रीस, बस. चांगल्या चॅनलला कारखान्यातूनच ग्रीस लावलेलं येतं, ते ‘काळं तेल’ समजून पुसून काढू नका.

आता खरेदी: कमी पैशात काय बघायचं

हेटिच, हाफेले, ब्लूम या परदेशी कंपन्या, एब्को आणि गोदरेज या मुंबईच्या. शिवाय राजकोटकडच्या कारखान्यांतून येणारा आणि आयात होणारा, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘जर्मन टेक्नॉलॉजी’ लिहिलेला बिननावाचा माल. नावाजलेल्या कंपनीचा चॅनल घेतला म्हणजे डोळे मिटून चालतं असंही नाही, कारण एकाच कंपनीच्या हलक्या, मध्यम, जड अशा वेगवेगळ्या मालिका असतात. आणि बिननावाचा सगळाच टाकाऊ असतो असंही नाही. मला विचाराल तर नावाआधी पत्र्याची जाडी विचारा.

ती तीन आकड्यांत सांगतात, तीन पट्ट्यांसाठी. १.० × १.० × १.२ मिमी हा सर्वसाधारण, १.२ × १.२ × १.५ हा जड. पुष्कळ दुकानदारांना हे आकडे पाठ नसतात, खोक्यावरही नसतात. मग वजन करा. एकाच लांबीच्या दोन जोड्या काट्यावर ठेवा. पत्रा जाड असेल तर वजन साधारण पाचव्या हिश्श्याने जास्त भरतं, आणि काटा कुणाची बाजू घेत नाही. नावाजलेल्या मालात कंपनीचं नाव पट्टीवरच ठोकलेलं असतं. फक्त खोक्यावर स्टिकर आणि पट्टी कोरी, तर जरा थांबा.

मग जोडी हातात घ्या. पूर्ण उघडा, बसवल्यावर असेल तशी आडवी धरा आणि टोक हलकेच वर-खाली हलवा. थोडं हलणारच. पण डावा आणि उजवा यांच्यात फरक नको. कानाजवळ नेऊन सावकाश सरकवा, दाणेदार आवाज नको. पट्टीच्या कडेवरून सांभाळून बोट फिरवा. बोटाला धार लागली तर पत्रा कापून तसाच वाकवलेला आहे. दोन्ही टोकांना रबराचे अडथळे घट्ट बसलेत का बघा, ड्रॉवर आपटल्याचा दणका तेच झेलतात.

वजनाचा आकडा, ३५ किलो किंवा ४५ किलो, हा जोडीचा असतो, एका पट्टीचा नाही, आणि त्यात ड्रॉवरचं स्वतःचं वजनही येतं. प्लायचा मध्यम ड्रॉवर फळीसकट चार-पाच किलो सहज भरतो. तांदूळ, गहू, डाळींचे डबे एका ट्रॉलीत रचले की ३० किलो कधी झाले कळत नाही. तिथे ४५ किलोचा जाड पत्र्याचा साधा चॅनल घ्या. ‘५०,००० सायकल’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढ्या उघडझाकी. चमच्यांचा ड्रॉवर दिवसाला ३० वेळा उघडला तर वर्षाला जवळपास ११,००० होतात, म्हणजे साडेचार वर्षं. पाहुण्यांच्या खोलीतल्या ड्रॉवरला तोच आकडा जन्मभर पुरेल. सगळीकडे एकच दर्जा लावणं म्हणूनच महागात पडतं.

माझ्या मते पैसे असे वाटावेत: धान्य, भांडी आणि चमचे या तीन-चार ट्रॉल्यांना जाड पत्रा, सिंकजवळ स्टेनलेस, बाकी सगळीकडे सर्वसाधारण टेलिस्कोपिक. पलंगाशेजारच्या छोट्या ड्रॉवरला नायलॉनच्या चाकाचा पांढरा रोलर चॅनलही पुरतो. तो पूर्ण उघडत नाही, मागचा चतुर्थांश भाग आतच राहतो, पण औषधं आणि चष्म्याला काय लागतं. सॉफ्ट क्लोज साध्याच्या दुप्पट ते तिप्पट पडतो. घरात लहान मूल असेल, बोट चेमटण्याची भीती असेल तर जरूर घ्या. टिकाऊपणासाठी म्हणून घेऊ नका, उलट त्यात बिघडायला एक यंत्रणा जास्त आहे.

ड्रॉवरच्या खाली दडणारा अंडरमाउंट दिसायला देखणा. पण त्याला ड्रॉवरची साइड बहुधा १६ मिमीपर्यंतच चालते, तळाखाली साधारण १३ मिमीची पोकळी लागते, मागे खाच आणि भोक नेमक्या जागी लागतं, ड्रॉवरची लांबी चॅनलबरहुकूम लागते. कारखान्यात कापलेल्या किचनला तो शोभतो. जुन्या, साइटवर बनलेल्या ड्रॉवरला लावायचा हट्ट धरू नये.

लांबी निवडताना जुना चॅनल बंद करून मोजा. १८ इंची म्हणून मिळतो तो ४५० मिमीचा, २० इंची ५०० चा, पुढे असाच ५० मिमीच्या पायरीने. दोन फुटी कॅबिनेटमध्ये मागची फळी वजा जाता साधारण २० इंची बसतो. सिंकखाली मात्र पाइप आणि गॅसची नळी कुठून जाते ते हात घालून बघितल्याशिवाय लांबी ठरवू नका. जोडीतला एकच चॅनल कधीही बदलू नये, डावा जुना आणि उजवा नवा असला की ड्रॉवर तिरका चालतो. वॉरंटी कितीही वर्षांची असली तरी गंज बहुधा त्यात धरत नाहीत, आणि पक्क्या बिलाशिवाय तीही नाही.

बसवून झालं की मिस्त्रीचा हिशेब चुकता करण्याआधी ड्रॉवरमध्ये तांदळाच्या ५ किलोच्या तीन-चार पिशव्या ठेवा. पूर्ण उघडा, पुढच्या फळीच्या वरच्या कडेला पाणसळ लावा, मग एका बोटाने ढकलून बंद करा. बोटाला जोर लागला तर पिशव्या तशाच ठेवून एका बाजूचे स्क्रू एक वळसा सैल करायला सांगा आणि फट तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.